विश्लेषण : बी.ए. होण्यासाठी आता नेमके काय शिकावे लागते? तीन वर्षे पुरेशी की चौथेही हवे?

‘टीवायला सहा पेपर इतिहास’ किंवा ‘स्पेशल मराठी’ एवढे सांगितले, की एकेकाळी कला शाखेचा अख्खा अभ्यासक्रम समोरच्याला कळत असे. आता बी.ए.च्या गुणपत्रिकेवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस, सीसी अशी आद्याक्षरांची रांग दिसते. पालकांना त्याचा अर्थ लागत नाही आणि अनेक विद्यार्थ्यांनाही तो पहिले सत्र संपेपर्यंत उमगत नाही. ही रचना कुठून आली, तिच्यात किती शिकावे लागते आणि तिसऱ्या वर्षानंतर चौथे वर्ष करावे का, याचा हा आढावा.

बदल कशामुळे झाला?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. पदवी शिक्षण बहुविद्याशाखीय असावे, कला-विज्ञान-वाणिज्य या भिंती पातळ व्हाव्यात आणि विद्यार्थ्याला मधल्या टप्प्यावर बाहेर पडण्याची व परत येण्याची मुभा असावी, ही त्यातील उच्च शिक्षणाची मुख्य सूत्रे. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक आराखडा जाहीर केला. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून महाराष्ट्रासाठीची चौकट ठरवली आणि पुढे तिच्यात काही दुरुस्त्याही केल्या. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून, तर विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२६-२७ मध्ये येते. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांसमोर त्यानंतर पहिल्यांदाच प्रश्न उभा राहतो, थांबायचे की चौथ्या वर्षाला जायचे?

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक म्हणजे क्रेडिट. तो गुण नाही, अभ्यासाला दिलेल्या वेळेचे ते माप आहे. वर्गातील व्याख्यानांसाठी एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात १५ तास. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य किंवा प्रशिक्षणासाठी एक श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणून चार श्रेयांकांचा ‘भारताचे राज्यशास्त्र’सारखा पेपर ६० तासांचा होतो आणि चार श्रेयांकांचे कार्यानुभव प्रशिक्षण, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, १२० तासांचे. दररोज सहा तास काम केले तर ते २० दिवसांत पूर्ण होते. विषयात उत्तीर्ण झाले की त्याचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. बँकेच्या पासबुकासारखीच ही सोय आहे. महाविद्यालय बदलले तरी जमा झालेले श्रेयांक सोबत जातात, अशी त्यामागील कल्पना आहे. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतूनही एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची परवानगी आयोगाचे नियम देतात. मात्र ती प्रत्यक्षात किती द्यायची, हे विद्यापीठ ठरवते.

पदवीसाठी किती श्रेयांक लागतात?

आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्राने प्रत्येक सत्राला २२ श्रेयांकांची कमाल मर्यादा धरली आहे. त्या हिशेबाने एका वर्षाचे ४४, दोन वर्षांचे ८८, तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६ श्रेयांक होतात. सत्राचे २२ श्रेयांक निव्वळ व्याख्यानांचे धरले तरी १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २२ तास वर्गात बसावे लागते. त्यात प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्य आले की तास वाढतात. ‘कला शाखा म्हणजे परीक्षेपुरते कॉलेज’ हा समज या गणितात बसत नाही. शेतात, दुकानात किंवा एखाद्या कार्यालयात अर्धवेळ काम करून शिकणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

या श्रेयांकांची वाटणी कशी होते?

आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे निम्मे, म्हणजे ६० श्रेयांक मुख्य विषयाचे आहेत. यालाच मेजर म्हणतात. दुय्यम विषयाला, म्हणजे मायनरला २४ श्रेयांक आहेत. अन्य विद्याशाखांतील विषयांना ९, भाषा व संवादकौशल्यांना ८, कौशल्याधारित अभ्यासक्रमांना ९, मूल्याधारित अभ्यासक्रमांना ६ ते ८ आणि उन्हाळी प्रशिक्षणाला २ ते ४ श्रेयांक आहेत. चौथे वर्ष केल्यास मुख्य विषय ८० आणि दुय्यम विषय ३२ श्रेयांकांपर्यंत जातो. संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला १२ श्रेयांकांचा प्रबंधही लिहावा लागतो.

महाराष्ट्राच्या चौकटीत हेच घटक थोड्या वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या प्रमाणात येतात. ‘ओई’ म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, अर्थात दुसऱ्या विद्याशाखेतून निवडायचा खुला विषय. ‘व्हीएससी’ हे मुख्य विषयाशी जोडलेले व्यावसायिक कौशल्य, तर ‘एसईसी’ हे सर्वसाधारण कौशल्य. ‘एईसी’मध्ये इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा येतात, ‘व्हीईसी’मध्ये पर्यावरण, संविधान, डिजिटल साक्षरता यांसारखे मूल्यशिक्षणाचे विषय. ‘आयकेएस’ म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. याशिवाय क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि ‘सीसी’, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम. पूर्वी एनएसएसच्या शिबिराला गेल्यावर जास्तीचे काही गुण मिळत. आता असे उपक्रम श्रेयांकांच्या हिशेबातच मोजले जातात.

प्रत्यक्ष अभ्यास कसा दिसतो?

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने इतिहास हा मुख्य विषय घेतला. तिचा दुय्यम विषय मराठी किंवा राज्यशास्त्र असू शकतो. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकवून त्यांतला मुख्य कोणता आणि दुय्यम कोणता, हे पुढच्या टप्प्यावर ठरवू देतात. खुल्या विषयात तिला वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतले काही शिकावे लागते. वैयक्तिक अर्थनियोजन, आहारशास्त्र, दैनंदिन जीवनातील संख्याशास्त्र असे पर्याय महाविद्यालये देतात. बारावीला जे शिकून झाले तेच पुन्हा घेऊन सोपे श्रेयांक मिळवायचे नाहीत, असा आयोगाचा दंडक आहे. इतिहासाशी जोडलेले कौशल्य म्हणून तिला मोडी लिपी, पर्यटन मार्गदर्शन किंवा अभिलेखागारातील कामाची ओळख मिळू शकते. क्षेत्रप्रकल्पात ती गावातल्या बारवेची किंवा वीरगळांची नोंद करू शकते. कार्यानुभव प्रशिक्षणासाठी वस्तुसंग्रहालय, ग्रंथालय, वृत्तपत्राचे कार्यालय किंवा पंचायत समिती चालू शकते.

कागदावर हे चित्र आकर्षक आहे. प्रत्यक्षात ते महाविद्यालयाच्या दारात कोणता विषय शिकवायला कोण आहे, यावर ठरते. मोडी जाणणारा शिक्षक नसेल तर त्या जागी ‘मूलभूत संगणक’ येतो. वस्तुसंग्रहालय ८० किलोमीटरवर असेल तर प्रशिक्षण महाविद्यालयाच्याच कार्यालयात उरकले जाते.

ही कल्पना मुळात कुठली?

अनेक विषयांची थोडी ओळख आणि एका विषयाचा खोल अभ्यास, ही अमेरिकी लिबरल आर्ट्‌स पदवीची ओळख आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या चार दशकांत सक्तीचा साचेबद्ध अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्यांना विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिले. पुढे त्याची उलट बाजू दिसली. विद्यार्थी वाटेल ते विषय गोळा करून पदवीधर होऊ लागले. त्यावर उतारा म्हणून मुख्य विषयाची अट आणि सर्वांना समान असे काही अभ्यासक्रम आले. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये सुरू केलेला समकालीन संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रम हे त्याचे ठळक उदाहरण. ब्राऊन विद्यापीठाने १९६९ मध्ये उलट दिशा धरून अशा सर्वसाधारण अटीच काढून टाकल्या. आजही तेथील बहुतेक पदव्या चार वर्षांच्या आणि साधारण १२० श्रेयांकांच्या असतात.

भारताच्या धोरणात या कल्पनेचे नाते तक्षशिला, नालंदा आणि चौसष्ट कलांशी जोडले आहे. पण श्रेयांक, मेजर-मायनर, ऑनर्स ही यंत्रणा सरळसरळ अमेरिकी वळणाची आहे. फरक एवढाच, की तिकडे खुले विषय निवडताना विद्यार्थ्यासमोर शेकडो अभ्यासक्रमांची यादी आणि सल्ला द्यायला नेमलेला प्राध्यापक असतो. इकडे बहुतेक महाविद्यालयांत यादी चार-पाच विषयांची असते आणि सल्ला मिळतो तो प्रवेशाच्या खिडकीवर. पुण्यातील फ्लेम, सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्‌स किंवा हरियाणातील अशोका यांसारख्या खासगी संस्थांत पर्याय अधिक असतात. मात्र त्यांचे शुल्क सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे आहे.

आधीचे बी.ए. एकाच विषयाचे होते का?

नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंग्रजी सक्तीचे, शिवाय जनरल आणि स्पेशल असे पेपर असत. मुंबई विद्यापीठात तिसऱ्या वर्षी एका विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन पेपर घेता येत. पहिल्या दोन वर्षांत फाउंडेशन कोर्स होता. पर्यावरणाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर टप्प्याटप्प्याने सर्वांना सक्तीचा झाला. म्हणजे विविध विषयांची सक्ती जुनीच आहे. नवे आहे ते तिचे प्रमाण आणि दुसऱ्या विद्याशाखेत डोकावण्याची अट.

चार वर्षे हीदेखील नवी गोष्ट नाही. दहावी-बारावीची रचना येण्यापूर्वी अकरावीला मॅट्रिक होऊन पुढे महाविद्यालयात चार वर्षे काढावी लागत. इंटर, ज्युनिअर बी.ए., सीनिअर बी.ए. हे शब्द आजच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून येतात. पण ११ अधिक ४ म्हणजे १५ वर्षेच होत. नंतरच्या १०-२-३ मध्येही बेरीज १५ होती. आता ऑनर्ससाठी ती पहिल्यांदाच १६ होते आहे. वाढलेले हे एक वर्ष कोणी सोसायचे, हा खरा प्रश्न आहे.

मधेच शिक्षण सोडले तर?

एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर नुसते बाहेर पडून हे मिळत नाही. उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. परत येण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि एकूण पदवी सात वर्षांच्या आत पूर्ण करायची आहे.

लग्न, घरातील आजारपण, ऊसतोडीचे स्थलांतर किंवा फीअभावी कॉलेज सोडणाऱ्यांची संख्या ग्रामीण भागात कमी नाही. पूर्वी त्यांच्या हाती काहीच उरत नसे. आता केलेला अभ्यास वाया जात नाही, ही या रचनेची जमेची बाजू. पण एका वर्षाच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात किंमत किती, याचे उत्तर कोणाकडे नाही. सरकारी भरतीत ‘पदवीधर’ ही अट असलेल्या पदांना ते चालत नाही. त्यामुळे बाहेर पडण्याची सोय ही गळतीला दिलेले प्रतिष्ठित नाव ठरू नये, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. परत येणारे किती, यावर या तरतुदीचे यश मोजावे लागेल.

चौथे वर्ष कोणाच्या फायद्याचे?

उत्तर पुढे काय करायचे आहे, यावर अवलंबून आहे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना चौथ्या वर्षाची गरज नाही. केंद्रीय आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या पदवीधर परीक्षांना तीन वर्षांची पदवी पुरते. एक वर्ष वयाच्या मर्यादेतून वजा होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

एम.ए. करणाऱ्यांसाठी हिशेब बरोबरीचा आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे. दोन्ही वाटांनी पाच वर्षेच लागतात. मात्र एक वर्षाचे एम.ए. हव्या त्या विद्यापीठात आणि हव्या त्या विषयात उपलब्ध आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

संशोधनाकडे जाणाऱ्यांना चौथे वर्ष सर्वाधिक उपयोगी आहे. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असतील तर एम.ए. न करता पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आदी घटकांना पाच टक्के सवलत आहे. पण ‘संशोधनासह ऑनर्स’साठी पहिल्या सहा सत्रांतच ७५ टक्के मिळवावे लागतात. हा टप्पा न गाठणाऱ्यांना प्रबंधाऐवजी १२ श्रेयांकांचे तीन पेपर घेऊन साधी ऑनर्स पदवी मिळते.

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना १६ वर्षांच्या शिक्षणाची अट अनेक विद्यापीठांत आडवी येते. त्यांना चौथे वर्ष सोयीचे. ब्रिटनमध्ये मात्र तीन वर्षांची पदवी सर्रास चालते.

शिक्षकी पेशाकडे वळणाऱ्यांची संख्या कला शाखेत मोठी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ मध्ये मांडलेल्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव आहे. अशा बी.एड.ची जागा हाती येण्याआधी केवळ त्या भरवशावर चौथे वर्ष निवडणे जोखमीचे.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप खोलीचा. अनेक लहान-लहान, दोन श्रेयांकांच्या विषयांत वेळ विखुरला जातो आणि मुख्य विषयाचा पाया पहिल्या वर्षी कच्चा राहतो, अशी प्राध्यापकांची तक्रार आहे. ३० तासांत शिकवलेला खुला विषय ओळखीपलीकडे जात नाही, हे खरेच. पण वाणिज्यचा विद्यार्थी नाटक वाचतो आणि मराठीची विद्यार्थिनी संख्याशास्त्राचा तक्ता वाचायला शिकते, तेव्हा ओळखही फुकट जात नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. राज्यात अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या मोठ्या संख्येने जागा रिक्त आहेत आणि अनेक विषय तासिका तत्त्वावरील शिक्षक चालवतात. नव्या रचनेत विषयांची संख्या वाढली, पण त्या प्रमाणात शिक्षक वाढले नाहीत. संस्कृत, तत्त्वज्ञान, उर्दू, पाली यांसारख्या कमी विद्यार्थ्यांच्या विषयांना दुय्यम विषय म्हणूनही कोणी निवडले नाही, तर कार्यभार घटून तो विभागच बंद पडण्याची भीती आहे. एकदा पद गेले की ते परत येत नाही, हा महाविद्यालयांचा अनुभव आहे.

तिसरा आक्षेप विषमतेचा. चौथे वर्ष सुरू करायला, विशेषतः संशोधनासह, पीएच.डी.च्या मार्गदर्शनास पात्र शिक्षक, ग्रंथालय आणि अन्य सुविधा लागतात. पदव्युत्तर केंद्र नसलेल्या लहान महाविद्यालयांना ते शक्य नाही. तेथील हुशार मुलीला चौथ्या वर्षासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागेल. वसतिगृह, एसटीचा पास आणि घरच्यांची संमती या तीन गोष्टी जुळल्या नाहीत, तर ऑनर्सचा पर्याय तिच्यासाठी कागदावरच राहतो. एकाच गुणपत्रिकेवर ‘पदवी’ आणि ‘ऑनर्स पदवी’ असे दोन दर्जे निर्माण होऊन त्यातला वरचा शहराच्या वाट्याला येईल, ही शंका त्यामुळे अनाठायी नाही.

अन्य राज्यांचा अनुभव काय?

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या विरोधानंतर जून २०१४ मध्ये ती मागे घेतली. नव्या धोरणाखाली तिथे ती २०२२ पासून पुन्हा सुरू झाली आणि २०२५-२६ मध्ये पहिली तुकडी चौथ्या वर्षात गेली. कर्नाटकने २०२१-२२ मध्ये देशात सर्वांआधी नवी रचना स्वीकारली, पण सरकार बदलल्यावर अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालाच्या आधारे मे २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळण्याचा निर्णय घेतला. केरळने केंद्राच्या धोरणावर टीका करत असतानाच २०२४ पासून स्वतःच्या आखणीची चार वर्षांची पदवी सुरू केली. दिल्ली आणि कर्नाटकच्या अनुभवातून एक गोष्ट दिसते. अभ्यासक्रमाची चौकट एका आदेशाने बदलता येते, पण ती बदलताना मधल्या तुकड्या दोन नियमांच्या कात्रीत सापडतात.

विद्यार्थ्यांनी आता काय तपासावे?

पहिले, श्रेयांक खात्यात प्रत्यक्ष जमा झाले आहेत का. अनुत्तीर्ण विषयाचे, प्रकल्पाचे किंवा ‘सीसी’चे दोन श्रेयांक राहून गेले, तर बाकी सर्व विषयांत पास होऊनही पदवी अडू शकते. दुसरे, दुय्यम विषयाची निवड. पुढे त्या विषयात एम.ए. किंवा बी.एड. करायचे असेल, तर त्याचे पुरेसे श्रेयांक आहेत का, हे दुसऱ्या वर्षातच पाहावे. तिसरे, आपल्या महाविद्यालयाला चौथ्या वर्षाची मान्यता आहे का आणि नसेल तर जवळचे केंद्र कोणते, प्रवेश कोणत्या निकषावर. चौथे, ७५ टक्क्यांची अट सहा सत्रांच्या एकत्रित गुणांवर आहे. ती तिसऱ्या वर्षी आठवून उपयोग नाही, पहिल्या सत्रापासून लक्षात ठेवावी लागते.

या सगळ्यात महाविद्यालयांचीही जबाबदारी आहे. प्रवेशाच्या वेळी विषयांची यादी हातात देण्याऐवजी प्रत्येक विभागाने एक शिक्षक सल्ल्यासाठी नेमला आणि कोणता विषय कुठे नेतो हे मराठीत छापून दिले, तर निम्मा गोंधळ कमी होईल. निवडीचे स्वातंत्र्य देणारी ही रचना आहे. पण निवडायला प्रत्यक्षात किती विषय आहेत आणि ते शिकवायला कायमस्वरूपी शिक्षक आहे का, या दोन प्रश्नांच्या उत्तरावरच कला शाखेच्या पदवीची किंमत ठरणार आहे.